टाकीवरचं नाव आणि डब्यातलं सामान

जबलपूरची रांझी मागे पडली की रस्ता मोकळा होतो आणि मामांच्या येझदी मोटरसायकलचा आवाज दोन्हीकडच्या झाडांवरून परत ऐकू येऊ लागतो. मार्च संपत आला होता. मोहाच्या झाडांखाली बायका पहाटेपासून टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. जबलपूरहून कुंडम साधारण पंचेचाळीस किलोमीटर. हिरन नदी तिथे उगम पावते आणि पुढे नर्मदेला जाऊन मिळते. वर्षातून एकदा तरी त्या उगमावर जायचं, आणि जायचं ते येझदीवरच, हा मामांचा नेम. यंदा मागच्या सीटवर मी होते.

मामांची सगळी नोकरी जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत झाली. फौजेचे शक्तिमान ट्रक त्यांच्या डोळ्यांसमोर जोडले जात. १९८३ मध्ये त्यांनी ही काळी येझदी घेतली आणि त्या दिवसापर्यंत ती दुसऱ्या कुणाच्या हाती दिलेली नव्हती. मी मेकॅनिकल इंजिनिअर. पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात सहा वर्षं काम करते. आजची जावा आणि आजची येझदी पीथमपूरलाच तयार होतात. त्यामुळे मी सुट्टीला घरी आले की आमच्यात एक वाद निघतोच : या जुन्या नावाचं पुढे काय व्हावं? माझं म्हणणं, त्याने काळाप्रमाणे बदलावं आणि जगावं. मामांचं म्हणणं, ते नाव मानाने थांबू द्यावं.

कुंडम दोन किलोमीटरवर राहिलं असताना गाडी दोनदा अडखळली आणि बंद पडली.

"तेल जास्त पडलं," मामा लगेच म्हणाले. "पेट्रोलमध्ये मिसळताना चष्मा नव्हता डोळ्यांवर. चूक माझी, गाडीची नाही."

ढकलत बाजारापर्यंत आलो. रस्त्यालगत पत्र्याची टपरी, तिच्यापुढे शंभर सीसीच्या तीन-चार गाड्या उघडून ठेवलेल्या, आणि साठीतले एक मिस्त्री. येझदी पाहून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, फडक्याला हात पुसले आणि काही न विचारता प्लग काढला. टोक काजळीने काळं, तेलाने ओलं. पेट्रोलमध्ये बुडवून त्यांनी तो तारेच्या ब्रशने घासला, फटीतून पॉलिश पेपरची पट्टी फिरवली, पुन्हा वायरला जोडून इंजिनाच्या पात्यांवर टेकवला आणि हाताखालच्या पोराला किक मारायला सांगितली. पोरगं उजव्या बाजूला किक शोधत राहिलं. मिस्त्री हसले. डाव्या पायाजवळचा गिअरचा दांडा त्यांनी आत दाबला, वर फिरवला, आणि तोच दांडा किक झाला. पोराचे डोळे मोठे झाले. प्लगच्या टोकाला ठिणगी आली, पण पिवळट, अशक्त. मिस्त्रींनी बाजूचं झाकण उघडून प्लगला ठिणगी देणारे पॉइंट बघितले. दोन्ही टोकांना खड्डे पडले होते.

"गाड़ी तो बन जाएगी दादा," ते मामांना म्हणाले, "सामान लाओ."

सामान आणायचं कुठून? मिस्त्री म्हणाले, पॉइंट कानशीने घासून बघतो, अर्धा-पाऊण तास बसा. शेजारीच मंगोड्यांची कढई चढली होती. आम्ही बाकावर बसलो, आणि वाद तिथेच सुरू झाला.

"बघितलंस?" मामा म्हणाले. "म्हणून मी सांगतो, १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला तेव्हाच ही गोष्ट संपली. आमचा शक्तिमानही त्याच सुमाराला थांबला. शक्तिमान नाव लावून कुणी नवा ट्रक विकायला काढला नाही. जे संपलं त्याचा मान राखावा."

"पण संपलं कशामुळे, ते बघायला नको का? १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली. लिटरला ऐंशी किलोमीटरची जाहिरात होती तिची. दोन स्ट्रोकची अडीचशे सीसीची गाडी त्याच्या निम्म्यालाही पोचणं कठीण. पगार तोच आणि पेट्रोल महाग होत चाललेलं, तर माणसं काय घेणार? १९९१ मध्ये धुरावर नियम आले, १९९६ मध्ये ते कडक झाले. पेट्रोलबरोबर तेल जाळणारं इंजिन तिथे टिकणार कसं? त्यात कारखान्यात कामगारांचे तंटे. कंपनीने वेळेवर चार स्ट्रोकचं इंजिन काढलं असतं, तर आज आपण तिला मेलेली म्हणत नसतो. ती जुनी होती म्हणून संपली नाही, मामा. बदलली नाही म्हणून संपली."

"बदलली असती तर ती येझदी राहिली असती का?" मामांनी मंगोड्याचा तुकडा हिरव्या चटणीत बुडवला. "तू जन्मली नव्हतीस तेव्हाचं सांगतो. एक सिलिंडर, पण धूर दोन नळ्यांतून. गिअर टाकताना क्लच दाबायची गरज नाही, दांडा पायाने दाबला की क्लच आपोआप सुटतो. साखळी पूर्ण डब्यात बंद, धूळ जायची सोय नाही. एवढी डोक्याने केलेली गाडी त्या किमतीत दुसरी नव्हती. आवाजावरून घरची माणसं ओळखायची की कोण आलं."

"आणि तिचं नाव काय होतं?"

"येझदी."

"त्याआधी?"

मामा थांबले. मी ठरवून विचारलं होतं. मुंबईच्या इराणी कुटुंबाने पन्नासच्या दशकात चेकोस्लोव्हाकियातून जावा आणून विकल्या. पुढे आयातीवर बंधनं आली तेव्हा रुस्तम आणि फारोख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा नावाचा कारखाना काढला. १९६१ मध्ये त्याचं उद्घाटन म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्ते झालं. मूळ कंपनीशी असलेला करार संपला तेव्हा सत्तरच्या दशकात टाकीवरचं जावा गेलं आणि येझदी आलं. इराणमधल्या याझ्द शहरावरून ठेवलेलं नाव.

"टाकीवरचं एक नाव पुसलं, दुसरं लिहिलं, आणि तुम्ही ती गाडी आनंदाने घेतलीत," मी म्हटलं. "मग वारसा नावात होता असं कसं म्हणायचं?"

"नावात नव्हताच. यंत्रात होता. नाव बदललं तरी यंत्र तेच होतं."

"यंत्रही तेच राहिलेलं नाही, मामा. प्राग शहरात फ्रांतिशेक यानेचेक नावाचा एक शस्त्रं बनवणारा कारखानदार होता..."

"आपल्या जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीसारखा?"

"त्याच धंद्यातला. महायुद्ध संपून दहा वर्षं झाली होती, शस्त्रांच्या ऑर्डरी आटल्या. हातात कारागीर, यंत्रं, आणि काम नाही. त्याने जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटरसायकल बनवायचा परवाना घेतला. यानेचेकच्या रोमन स्पेलिंगमधला 'Ja' आणि वाँडररमधला 'Wa', म्हणून १९२९ मध्ये जावा. पहिली गाडी पाचशे सीसीची, जड, महागडी. त्यात जगभरची मंदी आली. ती गाडी फारशी चालली नाही. कंपनी सुरू होते आहे तोच संकटात सापडली."

मामा पुढे सरकून ऐकू लागले. कारखान्याची गोष्ट निघाली की ते असेच ऐकतात.

"मग त्याने काय केलं? आपल्याच मोठ्या गाडीचा हट्ट सोडला. पॅचेट नावाचा इंग्रज इंजिनिअर आणला, विलियर्स कंपनीचं पावणेदोनशे सीसीचं दोन स्ट्रोक इंजिन घेतलं आणि १९३२ मध्ये हलकी, स्वस्त, साध्या माणसाला परवडणारी जावा काढली. कंपनी वाचली ती त्या गाडीने. म्हणजे तुम्ही जिला जावाची परंपरा म्हणता, ती दोन स्ट्रोकची परंपरा एका बदलातूनच जन्मली. यानेचेकने पहिलं यंत्र जपत बसायचं ठरवलं असतं तर म्हैसूरला काही आलंच नसतं."

मामा काही वेळ गप्प राहिले. टपरीत कानशीचा बारीक आवाज येत होता.

"बरं," ते म्हणाले. "बदल मान्य. पण आता काय चाललंय ते सांग. १५ नोव्हेंबर २०१८ ला मुंबईत मोठा समारंभ करून जावा परत आली. महिंद्रा, रुस्तम इराणींचे चिरंजीव बोमन इराणी आणि अनुपम थरेजा यांची क्लासिक लीजंड्स ही कंपनी. एक लाख पंचावन्न हजारांपासून किंमत. मी वर्तमानपत्र कापून ठेवलं होतं, बरं का. लोकांनी रांगा लावून नोंदणी केली. डिसेंबर उजाडला आणि कंपनीनेच सांगितलं, सप्टेंबर २०१९ पर्यंतच्या गाड्या विकल्या गेल्या. गाडी हातात पडायला माणसं महिनोन्‌महिने थांबली. चौदा-पंधरा महिन्यांत साथ आली, टाळेबंदी आली. ती पहिली हवा गेली ती परत आली नाही."

"ते खरं आहे."

"पुढे ऐक. २०२२ च्या जानेवारीत येझदी आणली. २०२४ च्या स्वातंत्र्यदिनी बीएसए आणली. एक घर, तीन नावं, दर वर्षी नवा रंग, नवी आवृत्ती. आमच्या फॅक्टरीत एका लाइनवर एकच ट्रक चालायचा, तरी दम निघायचा. या लोकांनी धड एक गाडी गावोगाव पोचवली नाही आणि तीन नावं मांडून बसले. समोर रॉयल एनफिल्ड बघ. एकच नाव. २०२४-२५ मध्ये वर्षाला दहा लाखांच्या वर गाड्या विकल्या."

त्यांनी नेमकं माझंच उदाहरण उचललं होतं. मी म्हटलं, "मग एनफिल्डचंच घेऊ. २००० साली ती कंपनीही बुडायच्या बेतात होती. तिची मालक आयशर ती बंद करायचा विचार करत होती. सव्विशीतल्या सिद्धार्थ लाल यांनी ती हातात घेतली. जयपूरचा कारखाना बंद केला, आयशरचे इतर बहुतेक धंदे पुढे विकून टाकले, लक्ष ट्रक आणि बुलेटवर ठेवलं. आणि मग बुलेटचं काळीजच बदललं. जुनं ओतीव लोखंडाचं इंजिन गेलं, इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात आले. गिअर उजव्या पायाकडून डावीकडे गेला. जुने बुलेटवाले चिडले, आवाज गेला म्हणाले. आणि २००९ च्या क्लासिकपासून खप वर्षानुवर्षं चढत गेला. बदलाला घाबरायचं नाही, हाच त्याचा धडा."

"धडा तो नाही," मामा शांतपणे म्हणाले. "तू मधली गोष्ट सोडलीस. बुलेट कधी बंदच पडली नाही. १९५५ पासून मद्रासला तयार होतेय. वाईट दिवसांतही होत राहिली. त्यामुळे बुलेटचा मिस्त्री टिकला. बापाने पोराला शिकवलं, पोराने हाताखालच्याला. इंजिन बदललं तरी उघडणारे हात तेच राहिले. जावाच्या बाबतीत १९९६ आणि २०१८ यांच्यामध्ये बावीस वर्षं आहेत. बावीस वर्षांत हे असे मिस्त्री म्हातारे होतात, नाहीतर स्प्लेंडर दुरुस्त करायला लागतात. टिकवणं वेगळं आणि उकरून काढणं वेगळं."

मला यावर उत्तर सुचलं नाही. आमच्या कारखान्यात आम्ही भाग बनवतो, मोजतो, खोक्यात भरतो. तो भाग पुढे कुणाच्या हातात जाऊन पडतो, याचा मी इतका विचार केलेला नव्हता.

तरी मी बाजू सोडली नाही. "मामा, पीथमपूरला जिथे आज जावा होते, तो कारखाना आधी कुणाचा होता माहीत आहे? आपल्या फिरोदियांचा. कायनेटिक होंडा तिथे व्हायची. बटण दाबून सुरू होणारी स्कूटर. १९९८ मध्ये होंडा बाहेर पडली, २००८ मध्ये महिंद्राने तो धंदा घेतला. त्याच फिरोदियांची नगरची लुना, १९७२ ची. दूधवाले, पेपरवाले, मास्तर, सगळ्यांची. तीही बंद पडली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती विजेवर चालणारी ई-लुना होऊन परत आली. आकुर्डीचा बजाज चेतक जानेवारी २०२० मध्ये विजेवर परत आला आणि आज विजेच्या स्कूटरांत पहिल्या काही नावांत त्याचं नाव घेतात. ना जुनं इंजिन, ना तो आवाज. तरी लोकांनी घेतला. इथेही मधे वर्षं गेलीच होती की."

मामांनी चहाचा ग्लास हातात फिरवला. "लुना ओझं उचलायची. तुझी ई-लुनाही ओझं उचलते?"

"हो. पुढे मोकळी जागा तशीच आहे, सामान ठेवायला."

"आणि चेतकवर चौघांचं घर बसायचं. नव्यावर निदान दोघं-तिघं बसतात. म्हणजे त्या दोघींनी आपलं काम सोडलं नाही. इंजिन बदललं, काम तेच. मग मला सांग, येझदीचं काम काय होतं?"

हा प्रश्न मी त्यांना विचारायला हवा होता, विचारला त्यांनी.

"लांब जाणं," मी म्हटलं.

"लांब तर बुलेटही जायची. नीट सांग."

मी टपरीकडे बघितलं. मिस्त्रींनी पॉइंट पुन्हा बसवले होते, आणि फट मोजायला त्यांच्याकडे मापाची पट्टी नव्हती. त्यांनी सिगारेटच्या पाकिटाचा कागद दुमडून फटीत सरकवला, डोळा जवळ नेला, स्क्रू अर्धा आटा फिरवला. पुन्हा कागद. पुन्हा अर्धा आटा. ज्या कामाला आमच्याकडे मिलिमीटरचा हजारावा भाग मोजणारं यंत्र लागतं, ते कुंडमच्या बाजारात कागदाच्या घडीवर चाललं होतं.

"लांब जाणं," मी सावकाश म्हटलं, "आणि तिथे बंद पडली तर तिथेच सुरू होणं."

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली.

तेवढ्यात मिस्त्री उठले, टपरीच्या मागे गेले आणि बिस्किटांचा एक गंजलेला डबा घेऊन आले. झाकण काढलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पुड्या. एकीत कार्बोरेटरचा जेट, एकीत क्लचच्या दोन प्लेट, एकीत रबराच्या वाट्या. सगळं येझदीचं. काही वर्षांपूर्वी भंगारात निघालेली एक गाडी त्यांनी सोडवून ठेवली होती. शेवटच्या पुडीत पॉइंटचा एक जोड निघाला, वापरलेला, पण टोकं सपाट. घासलेल्या पॉइंटांवर भरवसा नको म्हणून त्यांनी तोच बसवला. दुसऱ्या किकला येझदी सुरू झाली. बाजारातली चार माणसं वळून बघू लागली.

मामांनी सगळ्या डब्याची किंमत विचारली. मिस्त्रींनी डबा बंद केला. तो विकायचा नव्हता. शहापुराकडून, डिंडोरीकडून अजून कुणी तरी येझदी घेऊन येतो, तेव्हा लागेल, म्हणाले. पॉइंटचे आणि मजुरीचे पैसे त्यांनी घेतले, जास्त दिलेले परत केले.

तिथून आम्ही हिरनच्या उगमाच्या कुंडावर गेलो. पाणी खाली गेलं होतं. पायऱ्यांवर बसायला सावली होती. वाद संपला नव्हता, पण आता तो एकमेकांविरुद्ध राहिला नव्हता.

"त्या डब्याचा मालक कोण?" मामा म्हणाले. "येझदी हे नाव कुणाचं, यावर कर्नाटकच्या उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं खटला चालला. नावाला मालक भांडून मिळतो. त्या डब्याला कोण भांडलं?"

"मला तेच सांगायचंय," मी म्हटलं. "आज जुनं नाव असणं यात विशेष काही उरलेलं नाही. २०२३ च्या जुलैमध्ये ट्रायम्फ आली; चाकणला बजाज बनवतं. त्याच महिन्यात हीरोने बनवलेली हार्ले आली. दोन्ही जावापेक्षा जुनी नावं, दोन्ही मध्यमवर्गाच्या आवाक्यात. होंडानेही साडेतीनशे सीसीची तशीच गाडी २०२० मध्ये आणली. नुसत्या टाकीच्या गोलाईवर आणि दोन सायलेन्सरवर जावा यांच्याशी लढू शकणार नाही. पण कुंडमला तिचा डबा सांभाळणारा माणूस आहे. ट्रायम्फचा नाही, हार्लेचा नाही. हे तिचं एकटीचं धन आहे, आणि कंपनीला ते दिसत नसेल तर सगळंच व्यर्थ."

"म्हणजे तू माझ्या बाजूला आलीस?"

"नाही. तुम्ही म्हणता नाव थांबू द्या. नाव थांबलं तर हा डबा याच पिढीत रिकामा होईल. त्यात नवं सामान कोण घालणार? नव्या गाड्या विकल्या गेल्या तरच जुन्यांचे पॉइंट, क्लचप्लेट, गॅस्केट बनवायला पैसा उभा राहतो. आमच्यासारखे लहान कारखाने पीथमपूरला शेकड्यांनी आहेत. पाचशे जोड पॉइंटांची ऑर्डर आली तर आनंदाने घेतील. मोठ्या कंपनीच्या हिशेबात त्यात नफा दिसणार नाही. पण जुनी येझदी रस्त्यावर दिसते तोवरच नव्या येझदीच्या नावाला वजन आहे. जाहिरातीवर जो पैसा जातो, त्याच खात्यातून हा खर्च व्हावा."

मामांनी यावर पहिल्यांदाच विरोध केला नाही. फौजेचा हिशेब सांगू लागले. फौज ट्रक घेताना नुसता ट्रक घेत नाही. किती वर्षं चालणार, त्याला किती पंप, किती पाटे, किती बेअरिंग लागतील, कुठल्या डेपोत ठेवायचे, हे आधी ठरतं. शक्तिमानचं उत्पादन थांबल्यावरही ते ट्रक वर्षानुवर्षं धावले ते यामुळे. "तीन नावांच्या दहा आवृत्त्या काढण्यापेक्षा दोन गाड्या ठेवा," ते म्हणाले. "पण त्या दोन गाड्यांचा प्रत्येक भाग पंधरा वर्षं मिळेल असं छापून द्या. आणि नवी गाडी त्या मिस्त्रीला उघडता आली पाहिजे."

"सगळी येणार नाही," मी म्हटलं. हे सांगणं मला भाग होतं. "नव्या गाडीत पाण्यावर थंड होणारं इंजिन आहे, इंधन कॉम्प्युटर मोजून सोडतो. धुराच्या नियमात राहायचं तर ते लागणारच, आणि मला ते नियम हवेत. जबलपूरच्या रस्त्यावर पोरांना तेल जाळलेला धूर हुंगावा लागू नये. पण बिघाड कुठे आहे ते दाखवणारं छोटं यंत्र त्या टपरीत असू शकतं. ते वापरायला शिकवणारं पुस्तक हिंदीत, मराठीत, कानडीत निघू शकतं. तालुक्याच्या मिस्त्रीला वर्षातून चार दिवस बोलावून, येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी देऊन शिकवता येतं. सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यावरच्यांवर ४० झाला. जावा आणि येझदी साडेतीनशे सीसीच्या आतल्या, म्हणजे सवलत त्यांच्याच पदरात पडलीय. ती संधी नव्या रंगांवर घालवायची की या माणसांवर, हा प्रश्न आहे."

"आणि विजेची?"

"मी तर काढावी म्हणेन. आज ना उद्या."

"मी नाही म्हणेन. जोवर हिंडतोय तोवर तरी नाही." मामांनी पाण्याकडे बघितलं. "पण ती काढलीच, तर तिचीही बॅटरी कुंडमला उघडता आली पाहिजे. तसं असेल तर तिच्यावर लिहा जावा."

इथे आमचं एकमत झालं नाही, आणि मला ते व्हावं असंही वाटलं नाही. पण त्यांच्या शेवटच्या वाक्यात ते किती पुढे आले होते, ते मला कळलं. आणि मी किती मागे जाऊन बघायला शिकले, तेही. कारखान्यात बसून मला वाटायचं की अडचणीतल्या कंपनीला वाचवायचं म्हणजे नवं इंजिन, नवा बाजार, नवी किंमत. ते सगळं लागतंच. यानेचेकला लागलं, लाल यांना लागलं. पण त्या दोघांनी यंत्र बदललं ते गाडी साध्या माणसाच्या आणखी जवळ नेण्यासाठी. शंभर सीसीच्या गाड्या देशभर का पसरल्या? त्यांची क्लचची वायर कुंडमच्या किराणा दुकानातही टांगलेली असते म्हणून. वारसा सांगणाऱ्या कंपनीने आधी हे मिळवावं, मग समारंभ करावा.

परतताना मामांनी गाडी माझ्या हातात दिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. सवयीने मी क्लच दाबला, ते मागून म्हणाले, "नुसता दांडा दाब, ती समजून घेते." मी दाबला. गिअर पडला, झटका बसला नाही. रांझी येईपर्यंत आम्ही फारसं बोललो नाही.

पुढच्या रविवारी मी पीथमपूरला परतले होते. संध्याकाळी मामांचा फोन आला. ते बसने कुंडमला जाऊन आले होते. जबलपुरातल्या गोरखपूरच्या बाजारात जुन्या दुकानांतून हिंडून त्यांना पॉइंटचे दोन जोड आणि तीन प्लग मिळाले. त्यांतला एक जोड आणि दोन प्लग त्यांनी मिस्त्रींच्या डब्यात ठेवून दिले.

"आणि तू काय केलंस?" त्यांनी विचारलं.

मी सोमवारी आमच्या साहेबांशी बोलणार होते. मिस्त्रींनी काढून टाकलेले ते खड्डे पडलेले पॉइंट मी येताना कागदात गुंडाळून आणले होते. माझ्या टेबलावर, मायक्रोमीटरच्या शेजारी, ते ठेवले होते. मापं घेऊन झाली होती.